तिसऱ्या दिवसाची लापशी

रविवारी टाउनो अर्ध्या ताटलीवरून उठला.
"खारट झालीय," एवढंच म्हणाला,
टोपी कानांवर ओढली
आणि बर्फावरून घसरगाडी ढकलत
तळ्यापलीकडे निघून गेला.

खारट नव्हती.
खारट होतं ते त्याआधीचं बोलणं:
वडिलांमागे राहिलेला स्प्रूसचा पट्टा,
लाकूड कंपनीचा कागद,
त्यावर माझी न झालेली सही.

पातेल्यात जवाची लापशी, चौघांना पुरेल एवढी.
दोघांपुरतं करायला मला अजून जमत नाही;
हात जुनाच पेला शोधतो,
आईचा, कान तुटलेला.

रात्री ती थंड खोलीत ठेवली. सकाळी पाहते तर
पातेल्याचाच आकार घेऊन बसलेली,
वर साय सुरकुतलेली, कडेनं भेगा,
चमचा उभा केला तर उभाच.
हुबेहूब टाउनो.

अशा लापशीला घाई चालत नाही.
मोठी आच दिली की बुडाशी करपते
आणि पोटात गारच राहते.
आधी नुसतं दूध, पळीभर.
झाकण. मंद आच. थांबायचं.
मग लाकडी चमच्यानं कडेकडेनं सोडवत यायचं,
मध्यावर एकदम हात घालायचा नाही.
पुन्हा दूध. गुठळ्या एकेक करून
भांड्याच्या भिंतीशी चेपायच्या.
शिळ्या कढीला ऊत येतो म्हणतात;
शिळ्या लापशीला येत नाही.
ती एक जाड बुडबुडा सोडते, फुस्स,
म्हातारं माणूस खुर्चीत कूस बदलतं तशी.

सोमवारी लोणी घालून खाल्ली.
मंगळवारी खिडकीशी, उभ्यानंच, थंड.
युद्धानंतरच्या वर्षांत आई
खरवडसुद्धा पाण्यात कालवून वाटून द्यायची,
टाउनोला एक घास जास्त,
धाकटा म्हणून.
तो घास मी अजून मोजतेय की काय?
मागे खरवड खायला कुत्रा असायचा.
आता तोही नाही.

बुधवारी उरलं ते कोमट केलं,
यीस्ट, राईचं पीठ, थोडा गहू.
मनगटापर्यंत चिकटलं.
या पिठाला आकार द्यायला जाऊ नये,
ओल्या हातानं नुसतं थाळ्यात सोडावं.
सोळा पाव झाले, वेडेवाकडे,
आतून दमट, जवाचा दाणा दाताखाली येणारे.
एकटीला सोळा पाव!

तळं आता ओलांडवत नाही,
काठाशी बर्फ काळा पडलाय,
आणि रस्त्यानं अकरा किलोमीटर.
गुरुवारी कुहमोहून फिरत्या ग्रंथालयाची बस आली.
काउकोकडे परतीची पुस्तकं दिली
आणि कापडी पिशवीत आठ पाव.
"टाउनोच्या फाट्यावर थांबशील ना?"
"चिठ्ठी?"
"नको."

पंधरा दिवसांनी पिशवी परत आली,
धुतलेली, काटेकोर घडी घातलेली.
आत मिठाचा पुडा, किलोचा.

बराच वेळ मी तो टेबलावर ठेवून बघत बसले.
म्हणजे पाव अळणी झाले होते.
किंवा लापशी खारट नव्हती, असं म्हणायचं होतं त्याला.
किंवा दुकानात मीठ स्वस्त होतं.
काउकोला विचारलं होतं, काही बोलला का?
"नाही. दारात उभ्यानंच एक खाल्ला."

कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.
सही नाही, फाडलेलाही नाही.
आज शनिवार. तळ्यावर बर्फ फुटतोय,
रात्रभर कुणी फळ्या आपटल्यासारखा आवाज.
रस्त्यानं येईल तर येईल.
जव भिजत घातलेत,
कान तुटलेल्या पेल्यानं, नेहमीएवढेच.
मीठ घालणार नाही.
मीठ बशीत काढून ठेवलंय,
त्याच्या बाजूला.